हंडीतलं शीत

कामरगाव
९ नोव्हेंबर १९७६

चि. जगदेवास ताईचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाठ दाखवायला नागपूरच्या दवाखान्यात नेलंस, तिथले टाके सुकले. छातीवर बोटाएवढा वण तेवढा उरला. डॉक्टर म्हणाले, नमुना घेतला. नर्स म्हणाली, तुकडा काढला. कंपाउंडर म्हणाला, छोटं ऑपरेशन झालं. मला कंपाउंडरचं पटलं. गाठ गेली म्हणून गल्लीत साखर वाटली.

शेजारच्या कमलीबाईचंही मागच्या साली असंच झालं होतं. तीही साखर वाटून मोकळी झाली. सध्या तिची पाठ धरली आहे, पण ते कापूस वेचून असेल. माझ्या वणाखाली अजून टणक लागतं. आतला टाका असावा.

भावजयीला सांग, डब्यात तिखट कमी टाकत जा. फार चिडका झालास.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई,
पंचफुला


नागपूर
१६ नोव्हेंबर

सौ. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा रिपोर्ट आला. थोडी पुढची तपासणी उरली आहे. काळजीचं काही नाही, पण पत्र मिळताच भाऊजींना घेऊन निघ. इकडे थंडी पडली आहे, शाल आण.

लोभ आहेच, तो इथे येऊन दाखव.

तुझा,
जगदेव


कामरगाव
२४ नोव्हेंबर

चि. जगदेवास जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

काळजीचं नाही आणि लगेच निघ, हे दोन्ही एकाच पत्रात कसं? तिघांचे तीन शब्द होतेच, तू चौथा काढलास. तुझे भाऊजी म्हणतात, बऱ्या झालेल्या माणसाले दवाखान्यात काहून न्याचं. वेचणी ऐन भरात आहे. ती आटोपली की येईन.

कमलीबाई आता खाटेवरून उठत नाही. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी पाठीला मलम दिलं आहे.

रागावू नको, माया ठेव.

ताई


नागपूर
१ डिसेंबर

सौ. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

मी घाबरलो होतो, म्हणून गोलमोल लिहिलं. आता सरळ लिहितो. नमुना, तुकडा, छोटं ऑपरेशन, सगळं एकच. भात शिजला का पाहायला तू एक शीत काढून दाबतेस, हंडी चुलीवरच असते. त्यांनी तुझं शीत काढलं. गाठ जिथे होती तिथेच आहे. हाताला लागतो तो टाका नाही.

हे भाऊजींना वाचून दाखव. वेचणी राहू दे, ताई.

वाट पाहतो.

जगदेव


कामरगाव
८ डिसेंबर

चि. जगदेवास जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते अंगणात जाऊन बसले. मग तेच पत्र घेऊन कमलीबाईकडे गेले, तिलाही कळावं म्हणून. तिच्या दारात माणसं जमली होती. मीही गेले, बायकांबरोबर तिला शेवटची अंघोळ घालताना तिचा वण पाहिला. माझ्याएवढाच, माझ्यासारखाच छान सुकलेला. तिचाही रिपोर्ट आला असेल, पण तिला बोलवायला नागपुरात भाऊ नव्हता. मला फार भीती वाटते.

शीत काढलं असं लिहिलंस, ते कसं निघालं ते लिहिलं नाहीस. त्यावरूनच समजले. तरी तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. आम्ही दोघं सोमवारच्या गाडीने निघतो. स्टँडवर भेटशील तेव्हा आधी ते सांग, मग माझ्या हातातली पिशवी घे.

तुझी ताई,
पंचफुला