कप्तानाचा पुसलेला चेहरा

जव्हार, रविवार, संध्याकाळ

चहा दोनदा गार झाला. मन कशातच लागत नाही.

नाशिकच्या समीरने गेल्या महिन्यात आपले सगळे अंतराळ-सैनिक मला देऊन टाकले. कॉलेजात आम्ही दोघं याच बोटभर प्लॅस्टिकच्या पुतळ्यांनी टेबलावर लढाया खेळायचो. आता त्याचा हात कापतो, ब्रश धरवत नाही. मला वाटलं, जुना रंग काढून नव्याने रंगवू, खूश होईल. आज सकाळी त्यातला कप्तान रंग काढायच्या द्रावणात बुडवला आणि जुन्या टूथब्रशने घासला. त्याचा रंगवलेला एक डोळा पार कपाळावर गेला होता, रंगही जाड बसलेला. पाच मिनिटांत चेहरा कोरा झाला.

दुपारी समीरचा फोन आला. "कप्तानाचा फोटो पाठव ना. हात कापायला लागल्यावर तो एकच पुरा केला मी. तीन आठवडे लागले."

मी म्हणालो, "इथं लाइट गेलीय, उद्या पाठवतो." लाइट होती! असं का बोललो मी? तो कपाळावरचा डोळा नजरेसमोरून हलेना. शेवटी तासाभराने मीच फोन करून खरं काय ते सांगितलं.

तो म्हणाला, "परत पाठव. मीच रंगवतो."

"आणि हात?"

"कापू दे. तू पाठव फक्त."

कप्तान कापसात गुंडाळून डबीत ठेवलाय. उद्या शाळेत शिकवायला जाण्याआधी एसटी डेपोत पार्सल टाकेन. समीर चिडला असता तर बरं झालं असतं. घासण्याआधी एक फोन करायला काय झालं होतं मला?