बियाला राखलेलं वाळूक

प्रिय मंदे,

रागावली असशील तर आधी रागावून घे. मग पुढचं वाच.

समोर बशीत तीन बिया आहेत. तुझ्या वाळकाच्या. एवढ्याच उरल्यात. आषाढ लागलाय, गच्चीवरच्या डब्यांतली माती भिजून तयार आहे, पेरायचं तर याच आठवड्यात. आणि मला ठरवता येत नाहीये. सकाळपासून नुसती उठबस करतोय. आपल्या घरात तुला विचारल्याशिवाय मिठाची बरणी तरी कधी जागची हलली होती का? म्हणून लिहितोय.

चारबाग स्टेशन आठवतं तुला? लग्नानंतर तू पहिल्यांदा लखनौला आलीस तो दिवस. हमालाने ट्रंक डोक्यावर घेताना कडी निसटली आणि साड्यांच्या घडीतून शेणाची गोवरी फलाटावर पडली! हमाल म्हणाला, "बहूजी, गोबर तो लखनऊ में भी मिलता है." मी लाजेने अर्धा झालो. तू मात्र खाली बसलीस, गोवरी पदराने पुसलीस, "यात आईने वाळकाचं बी थापून दिलंय" म्हणालीस आणि ती सरळ माझ्या हातात दिलीस. नव्या सुटातला इंजिनिअर आणि हातात गोवरी! पुढे आपलं काय होणार ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमागे दर उन्हाळ्यात तुझे वेल. बोटाएवढी कोवळी वाळकं तोडायचीस, मोहरी फेसून लोणचं घालायचीस, कॉलनीभर वाट्या जायच्या. कोणी खीरा म्हणे, कोणी ककडी. तुला राग यायचा. "वाळूक म्हणा, वाळूक!" शेजारच्या सरदारजींच्या बायकोलासुद्धा तू ते म्हणायला लावलंस.

पण वेलावरचं सगळ्यांत देखणं फळ बरणीत जायचं नाही. त्याला तू जुन्या साडीचं फडकं बांधायचीस. फडकं बांधलं की ते बियाचं झालं. पिवळंजर्द होऊन देठ वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मी दरवर्षी भांडायचो, "अगं, एकदा तरी ते खाऊ दे. नवरा आहे मी तुझा!" तुझं उत्तर ठरलेलं. "ते तुमचं नाही नि माझंही नाही. पुढच्या सालाचं आहे." कद्रू कुठली!

आणि जाताना काय सांगून गेलीस? दवाखान्यात तुझ्या नाकात नळी, मी उशाशी, "काही हवंय का" विचारतोय, आणि तू म्हणतेस, "फडकं सैल बांधा. देठ काचतो." मला वाटलं तापात बरळतेस. ऐन थंडीचे दिवस, कुठला वेल नि कुठलं फडकं! अगं, इतक्या वर्षांच्या संसारात सांगायला एवढंच उरलं होतं? तुझ्यामागे मी काय करायचं, कसं जगायचं, हे कोण सांगणार होतं?

फाल्गुनात तुझी गोवरी फोडली आणि होतं नव्हतं तेवढं सगळं बी मातीत घातलं. सगळं! तू मूठभर मागे ठेवायचीस, हे काय मी पाहिलं नव्हतं? रुळांचं पोलाद तपासण्यात माझी उभी नोकरी सरली. एक नमुना कायम मागे ठेवायचा, हे मी नव्या पोरांना ओरडून सांगत आलो. घरात मात्र अक्कल गहाण पडली. मला वाटलं, जितके वेल जास्त, तितकी तू जास्त.

चैत्र संपतो न संपतो तोच लू सुटली. वेल पापडासारखे करपले. भिंतीच्या सावलीतला एकच जगला. त्यावर एकच फळ मोठं होऊ दिलं आणि तुझ्या हिरव्या साडीचं फडकं बांधलं. सैल बांधलं, मंदे.

तुझ्या भावालाही एसटीडी बूथवरून फोन केला, गावाकडे बी मिळेल म्हणून. "दाजी, आता कोण लावतंय वाळूक? सगळा ऊस झालाय." आपला अजित म्हणाला, "पापा, बाज़ार में खीरा मिलता है ना. इतना टेंशन क्यों?" त्याचं तरी काय चुकलं? खीरा मिळतोच बाजारात.

मेअखेर क्वार्टर सोडायचं होतं. रिटायर झालेल्या माणसाला किती दिवस ठेवतील? इंदिरा नगरला दोन खोल्या घेतल्या, वरच्या मजल्यावर. फळ तसंच हिरवं वेलावर. जुन्या क्वार्टरात नवे साहेब राहायला आले, त्यांची बायको रश्मी, गोड मुलगी. तिला फडकं दाखवलं. "बेटी, इसे मत तोड़ना. पकने देना." ती म्हणाली, "जी अंकल, बिल्कुल." मला वाटलं, झालं. हे बियासाठी आहे, एवढं साधं वाक्य तोंडातून निघालं नाही. एका काकडीसाठी किती बोलायचं, असं वाटलं असेल.

मग एक दिवसाआड टेम्पोने चारबाग, तिथून दुसऱ्या टेम्पोने मानक नगर. कुंपणावरून फळ बघायचं आणि परत. घरी अजितला सांगायचो, पेन्शनचं काम आहे.

त्या दिवशी डांबर चपलेला चिकटत होतं. कुंपणावरून पाहिलं तर वेलावर फळ नाही! तेवढ्यात रश्मी हसत बाहेर आली. "अंकल, आप ही का इंतज़ार था!" मला कूलरसमोर बसवलं आणि पुढ्यात स्टीलची थाळी ठेवली. गोल गोल चकत्या, वर काळं मीठ, लिंबू. "पीली होने लगी थी. पक गई थी ना? आंटी की बेल है, पहला हक़ आपका." फडकंसुद्धा धुऊन घडी घालून ठेवलं होतं बिचारीने.

तू असतीस तर काय बोलली असतीस?

खाल्लं. एकेक चकती तोंडात घ्यायची, गर गिळायचा, बिया जिभेने गालात सारायच्या. गाल फुगला, बोलता येईना, नुसती मान डोलवत राहिलो. "अंकल को कितनी पसंद है!" म्हणत तिने उरलेल्या चकत्याही वाढल्या. मी त्याही संपवल्या. शेवटी न्हाणीघरात जाऊन सगळ्या बिया रुमालात काढल्या आणि नळ सोडून हमसून हमसून रडलो. बाहेरून ती विचारत होती, "अंकल, तबीयत तो ठीक है?"

आणि खरं सांगू? चव छान होती. गार, किंचित आंबूस. ज्याच्यासाठी आयुष्यभर तुझ्याशी भांडलो ते एकदाचं खायला मिळालं. असं नको होतं गं मिळायला!

घरी येऊन बिया पाण्यात टाकल्या. पोकळ बी तरंगतं, भरलेलं बुडतं, हे तूच अजितला लहानपणी दाखवलं होतंस. माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या वर आल्या. तीन तेवढ्या तळाशी राहिल्या. त्या राखेत वाळवल्या.

आता तिन्ही पेरल्या आणि पावसात कुजल्या, तर संपलं. आणि मागे ठेवायची तर कोणासाठी? मंदे, खरंच विचारतोय, कोणासाठी? परवा कूलरवाला म्हणाला, "बाबूजी, अगले साल मोटर बदलनी पड़ेगी." मला हसूच आलं. अगला साल! तू गेल्यापासून मला पुढचं साल दिसतच नाही. दिवाळीच्या आत तू बोलावून घेशील, असंच धरून बसलोय. म्हणून आज सकाळी पक्कं केलं होतं, तिन्ही मातीत घालायच्या. आल्या तर आल्या, नाहीतर मीही सुटलो.

बोटाने माती उकरली आणि हात थांबला. तुझा आवाजबिवाज काही आला नाही, उगीच खोटं कशाला लिहू? आठवलं ते फडकं. त्या थंडीत, नळी लावलेली असताना, तू पुढच्या उन्हाळ्याचं बोलत होतीस. तू नसलेल्या उन्हाळ्याचं. आणि "बांधा" म्हणालीस ते मला! म्हणजे मी असणार, हे तू धरूनच चालली होतीस. मला विचारायचं तरी होतंस!

ठीक आहे, बाईसाहेब. दोनच पेरतो. एक इथे गच्चीवर, एक रश्मीच्या कुंपणाशी, या खेपेला तिला सगळं नीट सांगून. तिसरी मागे ठेवतो. ती फाल्गुनात पेरायला मी असेन. कुरकुरत असेन, तुला शिव्या घालत असेन, पण असेन. हा शब्द देतो.

आता खाली निघालोय. गल्लीच्या टोकाला दूधवाल्याची गाय आहे, तिचं शेण आणायचंय. गोवरी मला जमेलसं वाटत नाही. हसू नकोस.

तुझे,
अहो