उंबऱ्याबाहेरची हाक

प्रिय धाकल्या,

पाकीट उघडलंस हेच नशीब. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. सात वर्षं चालते का रे कुठली मीटिंग? असो, भांडायला कागद घेतलेला नाही. बाबांना जाऊन तीन महिने झाले, त्यांची व्हायोलिनची शिकवणी आता मी चालवते, आणि तिथे जे चाललंय ते सांगायला मला तुझ्याशिवाय माणूस नाही.

वाजवायच्या खोलीची रीत तू विसरला नसशील. उंबऱ्याबाहेर उभं राहून 'उस्ताद' म्हणायचं, आणि आतून 'हं' आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. बाकी शिकायला येणाऱ्यांपैकी ज्याला जे रुचेल ते त्याने म्हणावं. औषधांच्या दुकानातली बाई 'गुरुजी' म्हणायची, ती परदेशी दंतवैद्य तिच्या भाषेतलं 'सेन्सेई', म्हातारा घड्याळजी 'मास्तर'. हाका चार, ओ एकच, आणि तीही कायम दुसऱ्या तारेच्या सुरात. फक्त 'बाबा' चालायचं नाही. नऊ वर्षांचा होतास, हट्टाने 'बाबा'च म्हणत राहिलास आणि अख्खी दुपार बाहेर ताटकळलास. मी आत गजाला राळ घासत होते. उठले नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

शिकवणी पुन्हा सुरू केली त्या सकाळी घड्याळजी सवयीने बाहेर थांबला, सवयीनेच 'मास्तर' म्हणाला आणि लगेच जीभ चावली. तेवढ्यात आतून 'हं' आलं. तोच सूर, केसभरही इकडेतिकडे नाही. आणि खोलीत तर मी एकटी होते. घड्याळजी मुकाट्याने आपल्या जागी येऊन बसला. मग औषधवाली आली, तिलाही ओ मिळाली. आठवड्याभरात सगळे सरावले. दंतवैद्य तर म्हणाली, बरं वाटतं, सेन्सेई आहेतच असं वाटतं. कर्म माझं! मी तिथेच बसलेली, आणि कुणी माझ्याकडे बघेना.

मी भित्री नाही, तुला ठाऊक आहे. पाल हाकलायला मी आणि पलंगावर चढायला तू. एका दुपारी मी बाहेर जाऊन स्वतः हाका मारल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. चिडीचूप. लेकीला आत एकटीला बसवून पाहिलं, तरी काही नाही. मी आत असले तरच ओ यायची. शेवटी लेकीला कोपऱ्यात बसवलं आणि म्हटलं, डोळे उघडे ठेवून बघ. बारा वर्षांची पोर, पण नजर पक्की. सगळे गेल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाली, आई, ते तूच म्हणतेस. ओठ मिटलेले असतात, पण गळा हलतो.

हसलास ना? मीही हसले. मग एकेक लक्षात यायला लागलं. बाबांचा चष्मा मला बरोबर लागतो. जिना उतरताना मी डावा गुडघा धरते. दुखायचा त्यांचा, माझे दोन्ही ठणठणीत आहेत. बाबा एकदा म्हणाले होते, 'ही ओ माझी नव्हेच, माझ्या उस्तादांची. ते गेले त्या वर्षी माझ्याकडे आली.' मी म्हटलं, म्हातारा थट्टा करतोय.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगते. शेवटच्या दिवशी इस्पितळात नर्स म्हणाली, हाक मारत राहा. मी 'बाबा, बाबा' करून घसा कोरडा केला. पापणीसुद्धा हलली नाही. शेवटी मी 'उस्ताद' म्हणाले. 'हं' आलं, आणि त्यानंतर श्वास आला नाही. तेव्हा मला ती तुझी दुपार आठवली. धाकल्या, ते तुझ्यावर रुसले नव्हते रे. मी समोर होते, त्यांचा चेहरा मी पाहिलाय. त्यांना तुझी हाक ऐकूच येत नव्हती. इतकी वर्षं तू उगाच जळत राहिलास.

काल सकाळी लेकीच्या मनगटावर उकळतं दूध सांडलं. फोड आलेत, पण भरतील. ती 'आई, आई' म्हणून किंचाळत होती म्हणे. मी भिंतीपलीकडे तारा जुळवत होते, मला काहीही ऐकू आलं नाही. मग ती आली, उंबऱ्याबाहेर थांबली आणि हुंदके देत 'उस्ताद' म्हणाली. मी 'हं' म्हणाले. म्हणून हे पत्र. मला 'अक्के' म्हणणारा जगात तू एकटा उरलायस. मिळेल ती गाडी पकड आणि ये. दारात उभा राहून लहानपणी बोंबलायचास तसा 'अक्के' म्हणून बोंबल. ओ दिली तर चहा टाकते, आणि मग पोटभर भांडू. नाही दिली तर पुन्हा पुन्हा हाक मारू नकोस, आणि तुला माझी शपथ आहे, ती दुसरी हाक तर मुळीच मारू नकोस. पोरीची बॅग दाराशी भरून ठेवली आहे. तिचा हात धर आणि निघ. व्हायोलिन तिला बरोबर घेऊ देऊ नकोस.

तुझीच, अजून तरी,
अक्का