नागपूरला गेलेली माणसं

तेलगाव,
दि. ८ नोव्हेंबर २०२३

ती. विजयाक्कांना,
सत्यशीलाचा शि. सा. न. वि. वि.

तेराव्यानंतर तुम्ही परळीला परत गेलात, त्याला सहा दिवस झाले. बाकीचे पाहुणेही गेले. राम पुण्याला कामावर रुजू झाला. माझी तब्येत बरी आहे. काळजी नसावी.

पत्राचं कारण असं. तुम्ही यांना लिहिलेलं पत्र हे गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी आलं. गर्दीत कुणीतरी ते घेऊन पंचांगाखाली ठेवलं. काल सापडलं आणि मी उघडलं, त्याबद्दल माफी असावी. बारा वर्षांत तुम्हा भावाबहिणीचं एकही पत्र मी उघडलं नव्हतं.

तुम्ही विचारलंय, की सातच्या मालिकेतल्या म्हाताऱ्या काकांनी पुतणीचा हात धरून काय सांगितलं, आणि ती का हसली. मला ठाऊक नाही. टायफॉइडमध्ये तुमचे कान गेल्यापासून टीव्हीवर कोण काय बोललं ते हे तुम्हाला लिहून कळवत, एवढंच मला माहीत. मी स्वतः टीव्हीसमोर कधी बसले नाही. शाळेतून घरी आलं की स्वयंपाक. निवृत्तीनंतरही तीच सवय राहिली. आता तर टीव्हीवर चादर टाकली आहे. शेजारच्या गीताबाई म्हणाल्या, की वर्षश्राद्धापर्यंत ती काढू नका, लोक लई नावं ठेवतात.

पण यांची वही मिळाली. तुम्हाला लिहिण्याआधी ते तिच्यात टिपून ठेवत. एका हाणामारीच्या सिनेमाबद्दल लिहिलंय, 'नायकाने चाळीस माणसं लोळवली. मधे पाणीसुद्धा प्यायला नाही. पटलं नाही.' गाण्याच्या स्पर्धेबद्दल, 'पोरगी चांगली गायली. परीक्षक उगाच रडले.' तुम्हाला हवं असेल तर उतरवून पाठवीन. यांच्यासारखं लिहायला मला जमणार नाही.

तुमच्या हरिओमला आणि सूनबाई स्वप्नालीला आशीर्वाद. आजवर केलीत तशीच माया करावी.

आपली,
सत्यशीला

परळी वैजनाथ,
दि. १५ नोव्हेंबर २०२३

चि. सत्यशीलास,
विजयमालाचे अ. उ. आ.

वर तुझ्या नावाआधी सवयीनं 'सौ.' लिहून गेले. ते खोडलंय, पण खोडलेलं दिसतंय. कागद बदलणार होते. मग म्हटलं राहू दे, तुझ्यापासून काय लपवायचं.

पत्र उघडलंस ते बरं केलंस. वहीतलं उतरवून पाठव. हरिओम म्हणतो, आई, मामीला मोबाईलवर लिहीत जा. पण मोबाईलवरची अक्षरं बोट लागलं की पळून जातात. कागद उशाखाली ठेवता येतो. स्वप्नालीला मालिकेतलं विचारलं तर ती पाटीवर दोनच शब्द लिहिते, 'भांडण झालं.' पाऊण तास बायका तोंड हलवत होत्या आणि झालं काय, तर भांडण.

मी तेराव्याहून परत आल्यावर टीव्ही लावला. माझ्या टीव्हीचा आवाज बंदच असतो, त्यामुळं शेजारणींना पत्ता नाही. बहिरेपणाचा एवढा तरी फायदा. पोलिसाच्या मालिकेतला इन्स्पेक्टर उसातून पळत बाहेर आला, तर त्याच्या शर्टाला एक पाचट चिकटलेलं नाही. उसातून निघालेला माणूस कसा दिसतो ते तेलगावच्या माणसाला सांगायला नको. कोर्टाचा एक सिनेमा मात्र चांगला होता. साक्षीदार तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं, की हा खोटं बोलणार. कान नसले की माणूस चेहरे वाचायला शिकतो.

सातच्या मालिकेतले काका अजून दवाखान्यातच आहेत. नाकात नळी आहे, पण भांग रोजचा पाडलेला. महिना झाला, ते जातच आहेत. आपल्या बद्रीला एक संध्याकाळ पुरली.

वहीत एक बघून ठेव. सासूच्या मालिकेतले माधवराव नागपूरला बदलीवर गेल्याचं बद्रीनं मागं कळवलं होतं. ते परत आले का?

जेवणाची आबाळ करू नकोस. म्हातारीवर लोभ ठेव.

तुझी,
विजयाक्का

तेलगाव,
दि. २४ नोव्हेंबर २०२३

ती. विजयाक्कांना,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पत्र दोनदा लिहून फाडलं.

माधवरावांचं पान सापडलं. तिथे यांच्या अक्षरात असं आहे, 'माधवराव अपघातात वारले. आक्काला: नागपूरला बदली.' मला वाटलं, चुकून लिहिलं असेल. म्हणून मागची पानं चाळली. गाणाऱ्या पोरीचे वडील वारले, आक्काला: नागपूरला मुलाकडे. सिनेमातला शिपाई गोळी लागून गेला, आक्काला: नागपूरच्या दवाखान्यात, सुधारणा आहे. एका मालिकेतली आजीसुद्धा. पहिली अशी नोंद तुमचे यजमान मोहनराव वारले त्याच वर्षातली आहे.

हे तुम्हाला कळवावं की नाही, याचा विचार करण्यात दिवस गेले. न कळवता 'माधवराव अजून तिकडेच आहेत' असं लिहिणं सोपं होतं. पण तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या, चुकीच्या उत्तरापुढे बरोबरची खूण करायला हात धजत नाही. आक्का, त्यांनी तुम्हाला फसवायचं म्हणून केलं नाही. त्यांच्यावर राग धरू नये. धरायचाच असेल तर उशिरा सांगितलं म्हणून माझ्यावर धरावा.

आपल्या आशीर्वादाची गरज असलेली,
सत्यशीला

परळी वैजनाथ,
दि. १ डिसेंबर २०२३

चि. सत्यशीलास,
अ. उ. आ.

राग कसला. मी बहिरी आहे, आंधळी नाही. माधवरावांच्या फोटोला हार घातलेला मला दिसला होता. सासूचं कपाळ मोकळं झालेलं दिसलं होतं. नागपूरला बदली झाली म्हणून कुणी फोटोला हार घालत नाही.

आमचे हे गेले आणि पाठोपाठ माझे कान गेले, त्या वर्षी बद्री दर रविवारी तेलगावहून यायचा. समोर बसायचा, चहा घ्यायचा, जायचा. त्याला काही बोलता आलं नाही, आणि बोलला असता तरी मला ऐकू आलं नसतं. मग त्यानं हे नागपूर काढलं. मी ओळखलं आणि गप्प राहिले. उलट लिहून विचारायची, की माधवरावांना तिकडचं ऊन सोसतं का. तो लिहायचा, कूलर घेतलाय. बारा वर्षांत त्यानं इतकी माणसं तिकडे धाडली, की नागपूरला आता राहायला जागा नसेल.

माधवरावांचं मी मुद्दाम विचारलं होतं. तू खरं लिहितेस का ते मला बघायचं होतं. तू लिहिलंस. म्हणून आता विचारते.

त्या दिवशी तुमच्या ओसरीत सगळ्यांची तोंडं हलत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. रामनं चिठ्ठी दिली, तीत नुसतं 'बाबा झोपेत गेले.' मी तुझ्याकडं पाहिलं. तू माझ्याकडं न बघता स्वयंपाकघरातल्या गॅसकडं बघत होतीस. साक्षीदाराचा चेहरा मी ओळखते.

माझा पाठचा भाऊ होता तो. झोपेत गेला, हेही नागपूरच का? माझ्यासाठी तू ठरवू नकोस. काय झालं ते लिही.

तुझीच,
विजयाक्का

तेलगाव,
दि. १२ डिसेंबर २०२३

ती. विजयाक्कांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही बरोबर ओळखलं. रामला 'झोपेत' असं मीच सांगितलं होतं.

सात वाजले होते. मालिका लागली होती. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. यांनी खुर्चीतून हाक मारली आणि म्हणाले, शीला, आज बस जरा. 'बस जरा' असं ते रोजच म्हणत. मी रोज 'आले' म्हणत असे आणि जात नसे. त्या दिवशी 'आज' हा शब्द जास्तीचा होता. तो मला ऐकू आला होता, आक्का. माझे कान चांगले आहेत. पण मी म्हणाले, दूध वर आलंय.

दूध उतरवलं. झाकण ठेवलं. ओटा पुसला. तो पुसायची गरज नव्हती. बाहेर आले तर यांची मान खाली गेली होती. मला वाटलं, डोळा लागला. झोपमोड होऊ नये म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि आत जाऊन कणीक मळली. ती मळून होईपर्यंत मला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, की हृदय एकदम बंद पडलं, तुम्ही शेजारी असतात तरी काही होण्यासारखं नव्हतं. तसं असेल. पण त्यांनी औषध मागितलं नव्हतं, बसायला सांगितलं होतं.

हे मी रामलाही सांगितलेलं नाही. तुम्ही विचारलं नसतं तर कुणालाच सांगितलं नसतं.

काल संध्याकाळी मी टीव्हीवरची चादर काढली. गीताबाई दारात येऊन म्हणाल्या, की बाई, वर्ष व्हायचंय अजून. मी म्हणाले, परळीच्या आक्कांचं काम आहे. त्या आपल्या घरी गेल्या.

यांच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन वही मांडीवर धरली. चित्र तुम्ही पाहिलंच असेल, बोलणं मी लिहून घेतलं. काका पुतणीला म्हणाले, की स्कूटरची किल्ली दारामागच्या खिळ्याला आहे, आता तूच चालव. ती म्हणाली, मला येत नाही. ते म्हणाले, येईल. त्यानंतर कुणी काही बोललं नाही, नुसतं संगीत होतं, ते जरा मोठं होतं. माझं मत विचाराल तर दवाखान्यात एवढी माणसं आत सोडत नाहीत. बाकी खरं वाटलं.

काका नागपूरला गेले नाहीत, आक्का. काका वारले.

मी शेवटपर्यंत बसून होते. दूध आधीच तापवून ठेवलं होतं.

उद्या काय बोलतात ते उद्या लिहीन. तुम्हाला चेहऱ्यांत काय दिसलं तेही कळवावं. मला अजून तेवढं वाचता येत नाही.

तुमच्या मायेतली,
सत्यशीला