सात नंबरचा हशा

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मी बरी आहे. आईही बरी आहे. लिहायचं आहे ते बाबांविषयी, तेव्हा चष्मा लाव.

तुला माहीतच आहे, मी विनोदी मालिकेला हशा लावते. (ओळखपत्रावर नुसतं ‘ध्वनी विभाग’ आहे. तेवढंच बरं.) कलाकार बंद खोलीत बोलतात, समोर कुणी नसतं, कुठे आणि किती हसायचं ते मी यंत्रावर ठरवते. आमच्या मालिकेतला नवरा ओट्याशी उभा राहिला की हशा, आणि पाना घेऊन नळ दुरुस्त करायला गेला की हशा. बायको कमरेवर हात ठेवून बघते, तिथे तो थोडा लांबवायचा. तीन वर्षं मी हे नेमाने केलं.

आमच्याकडे आई लिफ्ट दुरुस्त करते आणि स्वयंपाक बाबा करतात, तूच शिकवलेला. त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मग समोरच्या खिडकीतले निवृत्त मास्तर आमची मालिका बघू लागले. आता ते रोज तिकडून बाबांना हाक मारतात, “काय वहिनी, आज काय शिजतंय?” आणि हशासाठी थांबतात. बाबा दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एप्रन खुंटीला टांगला आणि पाना-पक्कड घेतली. तेव्हापासून फ्रिज उघडला की दारावरची घंटा वाजते. (आईने सगळ्या तारा तपासल्या. कशी वाजते ते तिलाही कळलं नाही, आणि सतरा मजल्यांच्या लिफ्ट तिच्या भरवशावर चालतात.) स्वयंपाक आईकडे आला. ती तक्रार करत नाही, आम्हीही करत नाही. भात सुरीने कापून वाढतो.

आता कबुली. ओट्याच्या प्रसंगांना मी नेहमी लावते तो सात नंबरचा हशा बाबांचा आहे. आईने एकदा चहात मीठ घातलं, तेव्हा मी तो स्वयंपाकघरातच रेकॉर्ड केला होता. सव्वाचार सेकंद, शेवटी बारीक खोकला. इतकं मोकळं हसणारा दुसरा माणूस मला सापडला नाही. म्हणजे तीन वर्षं ओट्याशी उभ्या पुरुषाला बाबाच हसत होते, आणि हसवत मी होते. हे माझ्या लक्षात गेल्या सोमवारी आलं, भात कापताना. इतका उशीर मला शोभत नाही.

गुरुवारच्या भागातून तो काढला. दिग्दर्शक म्हणाले, “अगं, इथे हशा राहिला.” राहिला नाही, काढलाय, म्हटलं. “मग हे विनोदी आहे ते लोकांना कळणार कसं?” मलाही तेच बघायचं होतं. वेळ उरला नव्हता, भाग तसाच गेला. हशा नसताना दिसलं ते इतकंच: एक माणूस कांदा चिरतोय आणि बायको नुसती उभी आहे. घरी टीव्हीसमोर बाबा खुर्चीत पुढे सरकले. “सुरी अशी धरतात का? बोट जाईल त्याचं!” आईला दाखवायला म्हणून उठून एक कांदा चिरला, आणि चिरलाच आहे म्हणून परतायला टाकला. आम्ही दोघी पोटभर जेवलो. आता ते रोज रांधतात, पण खिडकीचा पडदा ओढून, चोरी केल्यासारखे.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना त्यांना चालेल ते.

तुझी भाची

ता. क. हशा परत लावायचा हुकूम झालाय. लावेन, पण सात नंबर मी संग्रहातून पुसलाय. (मूळ प्रत घरी आहे. ती घरचीच आहे.)

ता. क. मास्तर तुझ्या वर्गात होते आणि अजून तुला घाबरतात, असं आई म्हणते. आठ दिवस ये. खिडकीत उभी राहून मोठ्याने सांग, भावाच्या हातचं जेवायला आलेय. पत्र एवढ्यासाठीच होतं. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. ताई, हे अक्षर माझं. पाकीट चिकटवायला पोरीने माझ्याकडेच दिलं. स्वतःचा खोकला मी पहिल्याच भागात ओळखला होता. आपलं हसू तिला कामाला आलं याचंच कौतुक वाटलं, म्हणून बोललो नाही. ये. पडदा धुवायला टाकलाय.