शेडमधले आप्पे

हूफडॉर्प, १२ मे २०२०

ती. नीळकंठदादास,
मृणालिनीचा सा. न. वि. वि.

पोस्ट बंद आहे म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो लतिकाच्या फोनवर पाठवते आहे. तुझ्या सुनेला म्हणावं, मोठं करून दाखव. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की इथले शेजारी खिडकीत येतात. तेव्हा आपली पत्रंच बरी.

आता आधी बसून घे. माझा जावई घरामागच्या शेडमध्ये बंदुकीच्या गोळ्या ओततो! औषधाच्या नव्हेत रे, खऱ्या, ठो करणाऱ्या! आणि हे मला कळलं कधी, तर लेकीच्या बाळंतपणाला येऊन इथे अडकल्यावर. यशोधन कसा, तर चार माणसांत मान वर करून बोलणार नाही. दिवसभर माडीवर कॉम्प्युटरपुढे मीटिंगा, आणि संध्याकाळी हे उद्योग. इथे हॉलंडात नेमबाजीचे क्लब असतात, पोलिसांचा परवाना असतो, पिस्तूल तिजोरीत कुलपात असतं, सगळं रीतसर आहे म्हणे. करोनामुळे क्लब बंद आहेत, म्हणून क्लब उघडेपर्यंत गोळ्यांची बेगमी चालली आहे. आपण पापडांची करतो तशी!

गाडीच्या चाकाचा तोल साधायला रिमच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकतात. नव्या गाड्यांना आता ते लावत नाहीत, पण जुन्या गाड्यांचे काढलेले तुकडे गॅरेजवाल्यांकडे पडून असतात. हा सायकलला पिशव्या लटकवून गॅरेजं पालथी घालतो आणि भंगार घरी आणतो. पुण्याचा इंजिनिअर, आणि भंगारवाला! ते सगळं शेगडीवर वितळवतो, वरची काजळी काढतो आणि वड्या पाडतो. जुन्या बाजारातून कथलाचे पेले आणतो, त्यांच्याही वड्या. शिशात थोडं कथील घातलं की गोळी साच्यात नीट उतरते, असं त्याने मला समजावून सांगितलं.

आणि वड्या पाडतो कशात, विचार. संहिताच्या रुखवतात मी दिलेल्या बिडाच्या आप्पेपात्रात! मी तिला म्हटलं, अगं, बाळ यायचंय या घरात. तर ती हसून म्हणाली की तो मास्क लावतो, हातमोजे घालतो, मला शेडच्या दारातसुद्धा उभं राहू देत नाही. घ्या.

बाकी संहिताला आंबटाचे डोहाळे आहेत. तुझी तब्येत जप, उगाच बाजारात हिंडू नकोस. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मृणालिनी


नाशिक, १७ मे २०२०

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी खुर्चीतून पडलो नाही, पण चष्मा पडला. लतिकाला वाटलं कोणीतरी गेलं. तुझा जावई फौजदार निघाला म्हणायचा! त्याच्यापुढे जरा जपून बोलत जा. तुझ्या तोंडाला परवाना नाही.

भांडीबाजारात अण्णांनी थाटलेल्या आपल्या दुकानासकट सगळी दुकानं बंद आहेत. अण्णांच्या वेळी कर्फ्यूतही एवढी शांतता नव्हती, असं सगळे म्हणतात. मला काय, मी जन्मभर ठोके मारून कान घालवून बसलोय, मला बाजार रोजच शांत. कथलाचं नाव वाचलं आणि अण्णा आठवले. नवा माल आला की आपल्या दोघांना बोलवायचे, कथलाची कांडी कानाशी धरून वाकवायचे आणि ती कर्र करून ओरडायची. जी ओरडत नाही ती घ्यायची नाही, हा त्यांचा कायदा. तू दरवेळी आणखी एकदा म्हणून हट्ट धरायचीस.

अण्णांच्या हातचं पितळी पातेलं तू बरोबर नेलंस ना? त्याची कल्हई पार गेलेली होती, मी पाहिलं होतं. लेकीला आंबट लागतंय म्हणून त्यात सार करशील आणि ते कळकेल. सांभाळून.

संहिताला आशीर्वाद, फौजदारांना नमस्कार. म्हातारा भाऊ आहे, विसर पडू देऊ नये.

तुझा,
नीळकंठ


हूफडॉर्प, ६ जून २०२०

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी बहीण अजून कामाची आहे बरं का! तू पातेल्याचं लिहिलंस आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. संहिताचं डोहाळजेवण करायचं, आणि सार अण्णांच्याच पातेल्यात करायचं. पण या गावात कल्हईवाला कुठून आणू? मग म्हटलं, भांडीवाल्याची मुलगी मी, कल्हई काय फक्त बघत बसले लहानपणी?

नवसागराची गंमत ऐक. इथे लोक नवसागराची काळी गोळी चघळतात! लहान मुलंसुद्धा! संहिताने मला एक दिली, मी ती तोंडातून काढून कुंडीत पुरली. पण त्यामुळे कळलं की नवसागर मिळतो. डाग देण्याच्या सामानात त्याची वडी निघाली.

परवा ती दोघं तपासणीला गेली. इथे बाळंतपण सुईण बघते, डॉक्टर नाही, हा आणखी एक धक्का. आत एकालाच सोडतात, म्हणून यशोधन बाहेर थांबणार आणि मी घरी. तेवढ्यात शेड उघडली. फळीवर दोन डबे, दोन्हींत आप्पे. एकातले मळकट, एकातले चांदीसारखे लखलखीत. कथील मी अंधारातही ओळखीन. लखलखीत चार घेतले. पातेलं तापवलं, नवसागर टाकला, आप्पे वितळले तसे कापसाने आतून फिरवले. जरा नखरे केले त्याने. एरवीपेक्षा जास्त तापवावं लागलं, दोनदा नवसागर टाकावा लागला, आणि पुसताना फडकं काळं झालं. मी म्हटलं, परदेशी कथील, त्याचीही मिजास असणार. पण शेवटी आतून आरसा! यशोधनला सांगितलं नाही, म्हटलं उगाच चार आप्प्यांवरून तोंड वाकडं करील.

डोहाळजेवण फोनच्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं. लतिकाने पाहिलं, तूच कसा दिसला नाहीस? संहिता चिंचेच्या साराच्या तीन वाट्या प्यायली. आता रोज तेच हवंय. मी सकाळी करून ठेवते, ती दिवसभर पातेल्यातूनच घेते. लेकरू आंबटाला हपापलं आहे अगदी.

लवकर लिही आणि शाबासकी दे. तुझ्या शब्दाची भूक आहे.

तुझी,
मृणालिनी


हूफडॉर्प, २१ जून २०२०

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तर का नाही रे? लतिका म्हणते दादा बरे आहेत, झोपलेत. जेव्हा विचारावं तेव्हा तू झोपलेलाच! माझ्यावर रागावलास का?

इथे संहिताचं पोट धरल्यासारखं होतंय, साफ होत नाही, जीव दमतो, तोंडाला चव नाही. सुईण म्हणते या महिन्यांत असं होतं. माझंही डोकं सारखं धरतंय, पण ते इथल्या हवेने असेल. तिला अन्न नको होतं, तेवढं सार मात्र जातंय, म्हणून मी जरा जास्तच करते. दोन ओळी लिही, जीव टांगणीला आहे.

तुझी,
मृणालिनी


नाशिक, २८ जून २०२०

मृणाल,

हे वाचताक्षणी ऊठ आणि ते पातेलं चुलीवरून खाली उतरव. त्यातलं सार फेकून दे. संहिताला त्यातला एक थेंब देऊ नकोस. लतिका फोन लावते आहे, लागत नाही, म्हणून आधी हे पाठवतो.

ते कथील नाही, बाई. शिसं आहे, नुकतं ओतलेलं शिसंही तसंच लखलखतं. कथील एवढं तापवावं लागत नाही, त्याने फडकं काळं होत नाही. तू लिहिलंस ते सगळं शिशाचं लक्षण आहे, आणि तू त्याच्यात चिंच उकळते आहेस! पोटुशी पोरीला पाजते आहेस! अगं, कानाशी वाकवून बघितलंस का? आप्पा कसा वाकणार, म्हणून सोडून दिलंस, होय ना? अण्णांचा एकच कायदा होता.

मला करोना झाला होता. दवाखान्यात होतो, आज घरी आलो. पोटुशी पोर आहे त्या घरात, उगाच घोर नको, म्हणून मीच लतिकाला कळवू नकोस म्हटलं होतं. तुझी पत्रं तिने जपून ठेवली, दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणून उघडली नाहीत. एवढे दिवस ती तिच्या फोनमध्ये पडून होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

यशोधनला सगळं सांग, आत्ता सांग. डॉक्टरला रक्त तपासायला सांगा. लाजू नकोस.

नीळकंठ


हूफडॉर्प, ९ जुलै २०२०

ती. मामास,
संहिताचा शि. सा. नमस्कार.

मामा, मराठीत लिहायची सवय गेली आहे, चुका पोटात घाला. तुमचं पत्र आईने स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि ओट्याला धरून खालीच बसली. मला वाटलं तुमचंच काही झालं. मग ती एवढंच म्हणाली की मी तुला विष घातलं. यशोधन शेडमध्ये पळाला आणि डब्यातले आप्पे बघून पांढराफटक होऊन परत आला.

आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरीणबाईंनी, लगेच रक्त पाठवलं. रिपोर्ट आला. शिसं आहे. माझ्यात बरंच, आईत थोडं कमी. त्या स्वतः हादरल्या, अशी केस त्यांनी पाहिली नव्हती. कॅल्शियम आणि लोह दिलंय, दर आठवड्याला तपासणी आहे, पण बाळापर्यंत किती पोहोचलं ते बाळ झाल्यावरच कळेल. शिशाने मुलांच्या डोक्यावर आणि कानांवर परिणाम होऊ शकतो असं त्यांनी सांगितलं. मी ते आईला सांगितलं नव्हतं, तिने मला रडताना ऐकलं आणि तिला कळलं.

खोटं कशाला बोलू, मामा, मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. यशोधन म्हणतो चूक त्याची, डब्याला कुलूप हवं होतं. त्याने शेड रिकामी केली, सगळं भंगार नगरपालिकेच्या विषारी कचऱ्याच्या जागी नेऊन दिलं. आई त्याच्याबरोबर गेली आणि आजोबांचं नाव घातलेलं ते पातेलं तिने स्वतःच्या हाताने तिथे ठेवलं. यशोधन म्हणाला की परत वळताना तिने पातेल्याला नमस्कार केला.

आता माझा राग गेलाय, पण ती स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही. हात मांडीवर ठेवून बसते. ब्रेड खाते. मी जवळ गेले तर हात मागे घेते. तुमचं ती ऐकते. तिला काहीतरी लिहा ना, प्लीज.

तुमची,
संहिता


नाशिक, १२ जुलै २०२०

चि. मृणालिनीस,
आशीर्वाद.

त्या पत्रात तुला फार बोललो. पण पातेल्याची आठवण तुला कोणी करून दिली? मी. दवाखान्याचं लपवून कोणी ठेवलं? मी. तेव्हा हे पाप तू एकटीने पदरात घेऊन बसू नकोस, अर्धं माझं आहे, इकडे पाठव.

लेक आठव्या महिन्यात आणि तू ब्रेड खात बसतेस? ऊठ. स्टीलचं भांडं घे आणि तिला मऊ भात करून घाल. हात थरथरले तर थरथरू देत, भात शिजतो तरीही. बाळाची बातमी तुझ्याच अक्षरात हवी.

तुझा दादा,
नीळकंठ


हूफडॉर्प, ५ सप्टेंबर २०२०

ती. दादास,
मृणालिनीचा शि. सा. नमस्कार.

मुलगी झाली. फोनवरून कळलंच असेल, पण माझ्या अक्षरात हवी होती ना, ही घे. नाकावर सगळा अण्णांचा शिक्का आहे.

नाळेतल्या रक्तात शिसं निघालं. हे वाचून हातातला फोन टाकू नकोस, पुढे वाच. आईपेक्षा पुष्कळ कमी आहे, पण आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात घाबरून जाऊ नका, पण वर्षभर तपासत राहायचं. निश्चिंत असं मला कोणी म्हणालं नाही, दादा, आणि मला वाटतं कोणी म्हणणारही नाही. चालायला कधी लागते, बोलायला कधी लागते, प्रत्येक वेळी मी दिवस मोजत बसणार. ते आता माझ्याबरोबरच राहायचं.

इथे बाळाचे कान तपासायला बाई घरीच येते. मास्क लावून आली, यंत्र लावलं, आणि मी देवापुढे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. संहिता माझ्यामागे आली, माझा हात धरला. मी मागे घेतला नाही. बाई म्हणाली, दोन्ही कान उत्तम. मी तिला नऊवारी नेसवून ओटी भरणार होते, पण दोन हात लांब राहायचा नियम आडवा आला.

त्याच दिवशी संहिताने सार मागितलं. माझ्याच हातचं, आणि आंबट. मी म्हटलं नको गं. तर ती म्हणाली की मला तुझ्या हाताची भीती वाटत नाही, तुला वाटते. मग केलं. स्टीलच्या पातेल्यात, आणि पातेलं तीनदा घासून.

यशोधनने पिस्तुलाचा नाद सोडला. मी म्हटलं होतं की एवढं करू नकोस, पण तो म्हणाला की आता शेडमध्ये त्याला गुदमरतं. काल मात्र तो माझ्यापुढे एक कांडी घेऊन उभा राहिला. शुद्ध कथील, मुद्दाम मागवलेलं. तुझं ते अण्णांच्या कांडीचं पत्र संहिताने त्याला वाचून दाखवलं होतं, तेव्हापासून त्याला ते ऐकायचं होतं म्हणे. मी मांडीवर छकुलीला घेऊन बसले होते. त्याने कांडी माझ्या कानाशी वाकवली. कर्र! अगदी अण्णांच्या दुकानातलं. मला रडू फुटलं. आणि मांडीवरची दचकली, मुठी आवळल्या आणि डोळे एवढाले करून आवाज कुठून आला ते शोधायला लागली.

मी यशोधनला म्हटलं, आणखी एकदा.

दादा, तुला तो आवाज आता ऐकू येणार नाही, म्हणून लिहून कळवते. तिने ऐकला.

अर्धं पाप तुझ्याकडे पाठवलंय, ते ठेवून घे आणि मायेला मात्र वाटेकरी होऊ देऊ नकोस.

तुझी,
मृणालिनी