चेहऱ्यावर चेहरा

३ फेब्रुवारी
आज रुजू झाले. मुद्रणशास्त्राची सर्वोच्च पदवी घेऊन फलकांच्या दुकानात कशाला जातेस, असे आमच्या प्राध्यापकांनी विचारले होते. अचूकतेला लहानमोठे दुकान नसते, हे माझे उत्तर होते आणि ते मला अजूनही आवडते. जागा अपेक्षेहून नेटकी निघाली: लांबट खोली, भिंतीलगत रुंद छपाईयंत्र, कोपऱ्यात फ्लेक्सचे उभे रोल, नाकाला झोंबणारा शाईचा वास. यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. त्यांची जीभ यंत्राहून वेगाने चालते. माझे मोजमापाचे भिंग पाहून, मॅडम, इथे फलक छापतात, हिरे पारखत नाहीत, असे ते म्हणाले. मी हसले नाही.
मुक्काम धाकट्या बहिणीकडे. आईवडिलांमागे हिला मीच वाढवले. तिने नुकताच पाठदुखीवर उपचारांचा दवाखाना थाटला आहे; खाली दवाखाना, वर आमच्या खोल्या. मी येताच तिने मला उचलून गरकन फिरवले. वयाला शोभणारे नव्हते, पण बरे वाटले.

६ फेब्रुवारी
या दुकानात एक अक्षम्य प्रकार चालतो. दुहेरी फलकाची एक बाजू छापली की कापड उलटवून दुसरी छापतात. दोन्ही बाजू तंतोतंत पाठीला पाठ लावून बसाव्यात, यातच कारागिरी. अक्षरे असली तर मामा ती उत्तम बसवतात. चेहरा असला, की मागची बाजू मुद्दाम बोटभर सरकवतात! जाब विचारला तेव्हा मालकांनी कान खाजवत सांगितले, की चेहऱ्यावर चेहरा बसवायचा नाही ही त्यांच्या सासऱ्यांची शिस्त. कारण? सासऱ्यांना कारण विचारायची कोणाची छाती होती, म्हणे. मामांनी पुस्ती जोडली, की आमची तर सासूबाईंनाही विचारायची नव्हती. दोघे खो खो हसले. गबाळेपणाला परंपरेचे नाव दिले की तो पूज्य होतो.

१० फेब्रुवारी
धाकटीच्या दवाखान्याचा फलक मीच छापला. रस्त्याच्या मधोमध खांबावर टांगायचा, म्हणून दोन्हीकडे तिचे छायाचित्र. पहिल्या छपाईच्या उष्णतेने कापड किंचित ताणले जाते. तो ताण हिशेबात धरून मागची बाजू बसवली. परीक्षेसाठी डाव्या डोळ्याच्या बाहुलीत टाचणी टोचली. ती मागे उजव्या बाहुलीच्या बरोबर मध्यातून निघाली. मामांनी एकवार पाहिले आणि, कधी नव्हे ते, एकही विनोद न करता यंत्र पुसायला घेतले. फलक आमच्या खिडकीसमोरच टांगला आहे. धाकटी म्हणाली, ताई, मी एवढी देखणी कधीपासून झाले?

१३ फेब्रुवारी
सकाळी स्वयंपाकघरात गेले. धाकटी ओट्याशी उभी होती, दाराकडे पाठ करून असावी असे हातांवरून वाटले. पण तोंड माझ्याकडे होते. वळलेली दिसली नाही. मला झोप कमी पडते आहे.
वेणी घालताना तिने मला हाक मारली. हाताला केसच लागत नाहीत, ताई, असे म्हणत ती हसत होती.

१५ फेब्रुवारी
ती भाजी आणायला निघाली. मी खिडकीत होते. ती दूर दूर जात होती, लहान होत होती, आणि सारा वेळ माझ्याकडे पाहत होती. पलीकडच्या टोकाहून शेजारीण येत होती. तिने नंतर सहज सांगितले, की तुमची बहीण फार गोड, लांबूनच माझ्याकडे बघून हसत आली.
दोघींकडे. एकाच वेळी.

१६ फेब्रुवारी
ती झोपू शकत नाही. उताणी झाली की उशीत नाक दाबले जाते, पालथी झाली तरी तेच. कुशीवर वळवावे म्हणून मी तिला बाजूने पाहिले.
बाजूने ती नाही. एक रेघ आहे, कापडाच्या कडेएवढी.
मी ओरडले नाही. ती घाबरली असती.

१७ फेब्रुवारी
मालकांच्या पाया पडले. मी. ते रडवेले झाले. सासरे गेले, त्यांनी उपाय काही सांगितला नाही, म्हणाले. मामांनी माझ्यासमोर तिचा दुसरा फलक छापला, बोटभर सरकवून. टांगला. काही फरक नाही.
मग पहिला उतरवायला गेले. एक दोरी सैल करताच दवाखान्यातून धप्प आवाज आला. ती जमिनीवर दुमडून पडली होती. श्वास नव्हता. धावत जाऊन दोरी ताणून बांधली, तेव्हा उठली. गालावर आडवी घडी पडली आहे. दोन्ही गालांवर — दोन्हीकडच्या. पुसली जात नाही.
पुन्हा पडली तर उठायची नाही. आम्हा दोघींना ते कळले आहे.

१८ फेब्रुवारी
वारा. ती खुर्ची धरून उभी. थरथरते. टांगलेली असताना दुखत नाही, म्हणते. माझी अचूकता — एका केसाने जरी चुकले असते —

१९ फेब्रुवारी
पालिकेची माणसे आली आहेत. रस्त्यातले सगळे फलक काढायचे आहेत. हात जोडले, हवे ते देते म्हटले. मुकादम म्हणाला, बाई, कापडच आहे, नवीन छापा. मागच्याने विचारले, फोटोतल्या बाई तुमच्या कोण?
खिडकीपाशी परत आले. तिला एकटी ठेवणार नाही.

शिडी लावली.
एका हाताने तिला भिंतीशी ताठ धरले आहे. दुसऱ्याने हे लिहिते आहे. काहीच वजन नाही तिचे. ती विचारते, ताई, आले का ते? भिंतीकडच्या तोंडानेही विचारते. मी नाही म्हटले.
माणूस वर चढला. विळा काढला. ती माझा हात घट्ट — ताई, तू माझ्याकडेच बघ, म्हणते — बघते आहे, बाळ, बघते आहे, कुठेही बघितले तरी तूच —
डावी दोरी